रामाकडून रावण कोणीं मारविला ?

गेल्या वर्षीं पदवीच्या पहिल्या वर्गाच्या सहामाही परीक्षेचे पेपर तपाशीत असतां एका वाक्यापाशीं आमची तांबडी लेखणी थबकली. विद्यार्थी पवनी तालुक्यांतील एका लहानशा खेड्याचा. निबंधाचा विषय 'आमचें गांव'. गांवच्या जुन्या तलावाविषयीं त्यानें इंग्रजींत लिहिलें होतें : 'अवर टँक वॉज मेड बाय कोहळीज बाय हँड्स बाय मड.' एका ओळींत तीन 'बाय' ! आम्हीं नित्याच्या सवयीनें पहिला 'बाय' राहूं दिला, दुसऱ्याच्या पुढील 'हँड्स'ची शेपटी छाटून 'हँड' केलें, तिसरा 'बाय' खोडून त्या जागीं 'ऑफ' लिहिलें, आणि अर्धा गुण कापून पान उलटलें. पेपर परत दिल्यावर तो मुलगा आमच्यापुढें येऊन उभा राहिला. म्हणाला, 'सर, कोहळी का एकाच हातानं माती टाकत होते ?'

प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं कोहळी ही आमच्या भंडारा जिल्ह्यांतील तलाव बांधण्यांत नांवाजलेली शेतकरी जात. वैनगंगेच्या या खोऱ्यांतील भाताची शेती पिढ्यान् पिढ्या उभी राहिली ती त्यांनीं व त्यांच्यासारख्यांनीं अडविलेल्या पाण्यावर. त्या मुलाच्या पूर्वजांनीं दोन्ही हातांनीं केलेलें काम आम्हीं व्याकरणाच्या नांवाखालीं एका हातावर आणून ठेवलें होतें. आम्हीं त्याला नियम सांगितला; परंतु नियम सांगतां सांगतां आमच्याच ध्यानांत आलें कीं गुन्हेगार तो नव्हे. त्याच्या मनांतलें वाक्य मराठी होतें, 'कोहळ्यांनीं हातांनीं मातीनें तलाव बांधला' असें; आणि त्याला लहानपणापासून पढविलेलें समीकरण एकच होतें. तृतीया म्हणजे 'नें', आणि 'नें' म्हणजे 'बाय'. तीन वेळां तृतीया आली, तीन वेळां 'बाय' पडला. पोराचा हिशेब चोख होता; खोटें होतें तें समीकरण.

त्या समीकरणावर आम्ही आज शस्त्र धरणार आहों. त्यानें परीक्षेंतील अर्ध्या गुणाचेंच नुकसान होत असतें तर आम्हीं मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु तें उलट दिशेनेंहि चालतें. ज्या पिढ्यांनीं 'नें' म्हणजे 'बाय' असें घोकलें त्या पुढें कचेऱ्यांत व वर्तमानपत्रांत जाऊन बसल्या, आणि 'बाय'चें मराठी करण्याची वेळ आली तेव्हां त्यांना साधा 'नें' पुरेसा वाटेना. त्यांनीं 'कडून' आणला, 'द्वारें' आणला, आणि अलीकडे तर 'च्या माध्यमांतून' नांवाचें एक अवजड यंत्र आणून वाक्यावाक्यांत बसविलें. पहिल्या दिशेनें मुलांचें इंग्रजी बिघडलें, दुसऱ्या दिशेनें आम्हां सर्वांचें मराठी. पैकीं दुसरें नुकसान अधिक खोल आहे, कारण त्यांत काम करणारा माणूसच वाक्यांतून नाहींसा होतो, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम इंग्रजीस न्याय देऊं. जिच्या अध्यापनावर गेलीं सत्तावीस वर्षें पोट भरलें तिच्याशीं बेइमानी करवत नाहीं. इंग्रजी भाषा एके काळीं विभक्तिसंपन्न होती. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत करणवाचक विभक्तीचीं थोडीं कां होईनात पण स्वतंत्र रूपें जिवंत होतीं. आज मुलें दिवसांतून शंभरदां 'व्हाय' म्हणतात, तो 'व्हाय' म्हणजे 'व्हॉट' या सर्वनामाचें त्या जुन्या विभक्तीचें रूप. आपल्या 'कशानें'चा सख्खा भाऊच म्हणा ना. पुढें प्रत्यय झिजले आणि त्यांचें काम सुट्या अव्ययांवर येऊन पडलें. त्यांतहि मोठ्या उलथापालथी झाल्या. हत्यार आणि सोबत या दोहोंचें काम पूर्वीं 'मिड' नांवाचा शब्द करी; 'विथ'चा अर्थ तेव्हां 'विरुद्ध' असा होता आणि 'विथस्टँड' या क्रियापदांत तो अजून आहे. 'विथ'नें 'मिड'ची जागा बळकावली व बिचारा 'मिड' सुइणीच्या 'मिडवाइफ' या नांवांत तेवढा लपून राहिला. कर्त्यापुढें 'बाय' तरी पूर्वापार कोठें होता ? १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत कर्त्यापुढें 'ऑफ' आलेला पुष्कळदां आढळतो. म्हणजे आज ज्याला आम्ही नियम म्हणून छडीच्या धाकानें शिकवितों तो नियम कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं.

परंतु आज बसलेली घडी मोठी सुरेख आहे. करणारा असेल तर 'बाय', त्याच्या हातांतील हत्यार असेल तर 'विथ'. या दोहोंतील भेद किती तीक्ष्ण आहे तो एका उदाहरणानें पहा. 'ही वॉज किल्ड बाय अ स्टोन' असें म्हटलें तर डोंगरावरून धोंडा घरंगळला आणि माणूस मेला. पंचनामा करावा व घरीं जावें. 'विथ अ स्टोन' म्हटलें कीं त्या दगडामागें हात आला, हातामागें माणूस आला, आणि फौजदारास त्या माणसाच्या शोधास निघालें पाहिजे. एवढ्याशा अव्ययानें अपघात व खून यांच्यामध्यें भिंत घातली. जिच्यापाशीं प्रत्यय उरला नाहीं त्या भाषेनें केलेली ही सोय पाहून आम्हांस तिचें कौतुक वाटतें. केवळ रीत सांगावयाची असेल तर 'बाय'च्या पुढें नाम उघडें, उपपदावांचून येतें : 'बाय ट्रेन', 'बाय पोस्ट', 'बाय हँड'. कोहळ्यांचे हात एकवचनीं झाले ते याच कारणानें. तेथें हात मोजावयाचे नसतात, यंत्रानें नव्हे हातानें, एवढेंच सांगावयाचें असतें. शाईनें लिहिलें तर 'इन इंक', मातीचें केलें तर 'ऑफ मड'. आणि पायीं आलेल्या माणसापुढें मात्र 'बाय' हात टेकतो, तेथें 'ऑन फूट' म्हणावें लागतें. गंमत अशी कीं मराठीहि 'गाडीनें', 'बोटीनें', 'विमानानें' असें म्हणतां म्हणतां पायांपाशीं येऊन 'नें' सोडते आणि 'पायीं' म्हणते.

आतां मराठीकडे वळूं. समीकरणवाले म्हणतात, 'इंग्रजींत कर्ता व करण यांस निराळे शब्द. मराठींत दोहोंस एकच नें. तेव्हां मराठी ढिली.' ही समजूत निव्वळ आंधळी आहे. मराठी हा हिशेब प्रत्ययांत ठेवीत नाहीं, क्रियापदांत ठेविते. काच दगडानें फुटली. पोरानें दगडानें काच फोडली. थोरल्यानें धाकट्याकडून काच फोडविली. या तीन वाक्यांत मराठीचें सगळें फौजदारी शास्त्र सामावलें आहे. पहिल्यांत क्रियापद आपल्याआपण घडणारें, आणि 'नें' केवळ निमित्ताचा. दगड कोठून आला याची वाक्यास पर्वा नाहीं. दुसऱ्यांत क्रियापदाचा स्वर फिरला, 'फुट'चा 'फोड' झाला, आणि त्याबरोबर एक पोर दगडामागें येऊन उभें राहिलें. दोन 'नें' शेजारीं शेजारीं बसले, तरी पोर कोण व हत्यार कोणतें याविषयीं कोणाचाहि घोंटाळा होत नाहीं. मरणें-मारणें, पडणें-पाडणें, तुटणें-तोडणें, जळणें-जाळणें, गळणें-गाळणें : घरांतील अडाणी म्हातारीपासून तीन वर्षांच्या नातवापर्यंत सर्वांस या जोड्या पाठ आहेत. 'दगडानें मेला' आणि 'दगडानें मारला' यांतील अंतर समजण्यास मराठी माणसास व्याकरणाच्या तासाला बसावें लागत नाहीं.

पाणिनीनेंहि कर्ता व करण या दोघांस तृतीयाच सांगितली. परंतु कर्ता म्हणजे जो स्वतंत्र तो, आणि करण म्हणजे क्रिया साधण्याच्या कामीं जें सर्वांत अधिक उपयोगी पडतें तें, असा भेद त्यानें अगोदरच करून ठेवला होता. विभक्ति एक, पण मान एक नव्हे. मराठीनें तर याच्याहि पुढें पाऊल टाकलें. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जो काम करितो, ज्याला हाताशीं धरून काम उरकून घेतात, त्यासहि संस्कृतांत बहुधा तृतीयाच लागते. मराठीनें त्याला 'नें'च्या पंक्तींतून उठविलें आणि त्याच्यासाठीं निराळें पान मांडलें. तें पान म्हणजे 'कडून'. वरच्या तिसऱ्या वाक्यांतला धाकटा तो हा. दगड त्याच्या हातांतला, फेक त्याची, पण काच त्याची नव्हे, ती थोरल्याची. शिक्षा कोणाला करावी हें ज्या बापाला कळत नसेल त्यानें तें वाक्य पुन्हां एकदां मोठ्यानें म्हणावें.

'कडून' हा शब्द मराठींत जेथें जेथें सहज येतो तेथें तेथें तो कर्त्याचें ओझें हलकें करण्यासाठीं येतो, ही गोष्ट आमच्या व्याकरणकारांनीं जितक्या ठासून सांगावयास पाहिजे होती तितकी सांगितली नाहीं असें आम्हांस वाटतें. 'माझ्याकडून बशी फुटली' असें सूनबाई म्हणते, तेव्हां बशी तिच्याच हातांतून पडलेली असते. पण तिचें मन त्यांत नव्हतें, ही कबुली आणि ही क्षमायाचना दोन्ही त्या एका 'कडून'मध्यें आहेत. 'मीं बशी फोडली' असें ती म्हणती तर त्या घरांत त्या दिवशीं चूल पेटली नसती. 'त्याच्याकडून राहून गेलें', 'आमच्याकडून कांहीं चुकलें असल्यास', हीं सारीं त्याच घराण्यांतलीं. हात त्याचा, दोष त्याचा नव्हे, किंवा निदान पुरा त्याचा नव्हे.

आतां शालेय व्याकरण उघडा. त्यांत 'नवीन कर्मणी' नांवाचा एक प्रयोग सांगतात; इंग्रजीच्या 'पॅसिव्ह व्हॉइस'च्या सांच्यावर तो ओतला आहे हें सांगणारेहि लपवीत नाहींत. त्याचें ठरीव उदाहरण, 'रामाकडून रावण मारला गेला.' पिढ्यान् पिढ्या मुलें हें वाक्य गिरवीत आलीं आणि एकाहि गुरुजींस हंसूं आलें नाहीं ! मराठी कानाला पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, रामाकडून रावण कोणीं मारविला ? देवांनीं ? विभीषणानें ? 'देवांनीं रामाकडून रावण मारविला' हें वाक्य निर्दोष आहे, पौराणिकांसहि तें मान्य होईल. पण मग मारणारे देव ठरले व राम त्यांचा हस्तक. बरें, दुसऱ्या चालीनें, सूनबाईच्या बशीच्या चालीनें वाचलें तर अर्थ याहून भयंकर होतो : रामाच्या हातून चुकून रावण दगावला ! ज्यानें सेतु बांधला, लंका वेढली, आणि समोरासमोर उभा राहून बाण सोडला, त्याच्या पराक्रमाचें इंग्रजी भाषांतराच्या पायीं हें मातेरें. 'रामानें रावण मारला' या वाक्यांत कर्म आधींच प्रथमेंत आहे, क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणें चालत आहे, म्हणजे कर्मणी प्रयोग सिद्ध आहे. कर्मणीचें आणखी एक कर्मणी कशास हवें होतें ?

हाच 'कडून' हातीं धरून सकाळचें वर्तमानपत्र वाचा. 'पोलिसांकडून लाठीमार', 'जमावाकडून दगडफेक', 'कंत्राटदाराकडून रस्त्याचें काम अर्धवट सोडण्यांत आलें'. लाठी मारणारे, दगड फेकणारे, काम टाकून पळणारे, सगळे त्या सुनेच्या ओळींत, फुटलेल्या बशा हातांत धरून, खालीं मान घालून उभे ! त्यांच्याकडून आपलें झालें हो कांहींतरी.

'द्वारें'ची कथा निराळी. द्वार म्हणजे दार, आणि 'द्वारें' हें त्याचेंच जुन्या 'ए' प्रत्ययाचें तृतीयेचें रूप, दारानें, दारांतून. आमच्या तलावांच्या पाळीस पाणी सोडण्याची जी मोरी असते तिला इकडे 'तुडुम' म्हणतात. तुडुमाच्या द्वारें पाणी शेतांत येतें, असें कोणीं म्हटलें तर आम्ही त्यास दोन गुण अधिक देऊं, कारण येथें दार खरेंच आहे. परंतु तुडुम पाणी देत नाहीं. पाणी तलावाचें, दार उघडतो तो माणूस, आणि कोणाच्या बांधींत आधीं सोडावयाचें हें ठरवितो तोहि माणूस. रोवणा ऐन भरांत असतां तुडुमाशीं जीं भांडणें होतात तीं तुडुमाशीं होत नसतात, उघडणाऱ्याशीं होतात. आतां 'शासनाद्वारें तलावाचें खोलीकरण करण्यांत आलें' हें वाक्य घ्या. शासन येथें दार झालें. त्या दारांतून कोण आलें, कुदळ कोणीं मारली, पैसा कोणाचा, मोजणी कोणीं केली ? दार उघडें आहे, आंत कोणी दिसत नाहीं.

या रोगाचें मूळ आमच्या मतें इंग्रजी कायद्याच्या 'हिअरबाय'मध्यें आहे. १९६० सालीं भाषा संचालनालय स्थापन झालें, १९६४ सालीं राजभाषेचा अधिनियम झाला, आणि इंग्रजी कागदांचा ढीग मराठींत आणण्याचें प्रचंड काम सुरू झालें. त्या कामाचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं; तें झालें नसतें तर आमच्या जिल्ह्यांतील शेतकरी आजहि इंग्रजी कागदावर अंगठा उठवीत बसला असता. पण त्या घाईंत 'हिअरबाय'चा 'याद्वारें' झाला व 'याद्वारें अधिसूचित करण्यांत येत आहे' असा ठसा एकदां कोरला गेला तो कायमचा. मौज पहा. शासननिर्णयाच्या तळाशीं 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नांवानें' ही ओळ असते, कारण राज्यघटनेच्या १६६ व्या कलमानें तसें नांव घालणें भाग आहे. तेथें, अगदीं शेवटीं, स्वाक्षरीच्या डोक्यावर, बिचारी तृतीया आपला खरा 'नें' घेऊन उभी आहे. वरच्या चार पानांत तिला कोणीं आंत घेतलें नाहीं.

'च्या माध्यमांतून' याविषयीं फार लिहिण्याची आमची इच्छा नाहीं. संताप आवरत नाहीं. 'शिबिराच्या माध्यमांतून जागृति', 'योजनेच्या माध्यमांतून लाभ', 'या कार्यक्रमाच्या माध्यमांतून मी सांगूं इच्छितों'. अहो, कार्यक्रमांत आला आहांत, सांगा कीं ! इंग्रजींत 'बाय'पुढें क्रियापदाला 'इंग' लावून साधनाचा अर्थ आणतात : 'बाय सेलिंग हिज लँड'. मराठीपाशीं त्याला 'ऊन' आहे. जमीन विकून मुलीचें लग्न केलें. दोन अक्षरांत त्या बापाची सारी कथा आली. 'जमीनविक्रीच्या माध्यमांतून विवाहकार्य संपन्न करण्यांत आलें' असें ज्यास लिहिवेल त्यानें एकदां तरी त्या बापाच्या तोंडाकडे पाहावें.

आमचे हात स्वच्छ आहेत असें समजूं नये. वीस वर्षांपूर्वीं एका पुस्तकाच्या प्रस्तावनेंत आम्हीं 'या ग्रंथाद्वारें लेखकाकडून एक नवा विचार मांडण्यांत आला आहे' असें लिहिलें. तें वाक्य छापील स्वरूपांत आमच्या कपाटांत आहे आणि रागाच्या भरांत आम्ही तें अधूनमधून स्वतःस वाचून दाखवितों. लेखकानें विचार मांडला होता. आम्हीं त्याला दाराबाहेर उभें केलें.

आतां आक्षेप. आमचे एक भाषाशास्त्री स्नेही म्हणतात कीं भाषा वाहती आहे, 'मिड' गेला व 'विथ' आला यावर तुम्ही कौतुकानें लिहितां, मग 'नें' जाऊन 'कडून' आला तर छाती कां पिटतां ? शिवाय दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण रचलें तेंहि इंग्रजी व्याकरणें डोळ्यांपुढें ठेवूनच. परकी सांचा तुम्हांस आतांच कां खुपावा? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा पहिला भाग आम्ही तसाच्या तसा मान्य करितों. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून निबंधमालेंत इंग्रजी वळणाच्या मराठीवर जे प्रहार केले त्यांतील कित्येक आज आम्हांस अनाठायीं वाटतात. परक्या शब्दांचें आम्हांस वावडें नाहीं. फार काय, आमच्या पक्षाचा उत्तम साक्षीदार एक परका शब्दच आहे : 'मार्फत'. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेनें आमच्या दफ्तरांत शिरला, आणि मराठीनें त्यास नेमकें मध्यस्थाचें काम दिलें. 'अर्ज तहसीलदारामार्फत पाठवावा.' पाठविणारा निराळा, तहसीलदार नुसता वाटेंतला. कोणाचा हक्क बुडाला नाहीं, कोणाचा दोष झांकला गेला नाहीं. कर्मणी रचनेचेंहि आम्हांस भय नाहीं. जुन्या मराठींत 'कीजे', 'बोलिजे' अशीं कर्मणीचीं रूपें होतींच. आणि कर्ता ठाऊक नसेल किंवा सांगण्याजोगा नसेल तेथें 'असें म्हटलें जातें' हें आम्हीहि म्हणतों. मोरो केशव दामल्यांनीं १९११ च्या आपल्या जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त विभक्ति आणि कारक यांचा जो ऊहापोह केला तो वाचणाऱ्यास हें कळून येईल कीं, प्रत्यय कोणता लागला यापेक्षां कोण काय करितो आहे हें पाहणें, हेंच व्याकरणाचें मुख्य काम आहे. 'विथ' आला तेव्हां इंग्रजीचा एक भेद गेला नाहीं, उलट पक्का झाला. 'कडून' आणि 'द्वारें' यांनीं मराठीचे तीन भेद मोडून एक चिखल केला. वाहणें आणि बुजणें यांत फरक आहे. हें आमच्या जिल्ह्यांत गाळानें भरलेल्या तलावाच्या कांठीं उभे राहून सांगावें लागत नाहीं.

येथें एक घरगुती तक्रार. वाचकांस या लेखांतील अनुस्वार डोळ्यांत सलत असतील. १९६२ च्या लेखननियमांनीं ते रद्द झाले हें आम्हांस ठाऊक आहे, आणि संपादकांनीं एका म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून ते छापले याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. पण त्या टिंबांतलें एक टिंब शोभेचें नव्हतें. 'आम्ही जातों' यांतला 'आम्ही' बिनटिंबाचा, आणि 'आम्हीं केलें' यांतला 'आम्हीं' टिंबाचा. तें टिंब म्हणजे तृतीया, कर्त्याची मोहोर. प्रथमपुरुषाला व द्वितीयपुरुषाला 'नें' लागत नाहीं, तेव्हां हें काम मी केलें असें सांगणाऱ्याच्या अंगावर एवढी एकच खूण उरली होती. तीहि पुसली. उच्चारांत ती आधींच मावळली होती हें खरें. परंतु खेड्यांत 'म्यां' अजून अगदींच नाहींसा झालेला नाहीं, आणि आमच्या विदर्भांत 'मिनं सांगतलं' हें रोज कानीं पडतें. सुशिक्षितांनीं त्यास अशुद्ध ठरविलें आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीच्या अभ्यासास वाहून घेतलें तेव्हां अनेकांनीं नाकें मुरडलीं असतील. आम्हांस मात्र त्या 'मिनं'मध्यें प्रमाण मराठीनें हरविलेली एक किल्ली दिसते.

नवेगांव बांधचा तलाव १९९९ च्या मे महिन्यापासून गोंदिया जिल्ह्यांत गेला. तोंवर तो आमचाच होता. त्याच्या कांठच्या माणसास विचारा, तो सांगतो, 'कोलू पाटलानं बांधला.' कांहीं शतकें लोटलीं, पण त्या 'नं'वर गाळ चढला नाहीं. पूर्व विदर्भांत असे मालगुजारी तलाव सहा हजारांच्या वर सांगतात. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले. मालगुजारी जावी हें योग्यच होतें, तिच्यासाठीं आम्ही अश्रु ढाळीत नाहीं. पण त्याच वेळीं त्या तलावांच्या वाक्यांतून कर्ताहि गेला, आणि त्याच्या जागीं कोण बसला तें आजवर कोणीं नीट सांगितलेलें नाहीं.

तो कोहळ्यांचा मुलगा यंदा चैत्रांत आपल्या आजोबांना घेऊन आमच्या घरीं आला. त्यांच्या गांवच्या तलावाची पाळ एका बाजूनें खचली आहे व तुडुम मोडला आहे. गांवकऱ्यांनीं एका कचेरींत अर्ज केला होता, त्याचें उत्तर त्यांनीं बरोबर आणलें होतें : 'सदर तलावाची पाहणी करण्यांत आली असून दुरुस्तीबाबत योग्य ती कार्यवाही करण्यांत येत आहे.' नातवानें तें आजोबांस दोन वेळां वाचून दाखविलें. म्हाताऱ्यानें विचारलें, 'कोनं पाह्यलं ?' नातू म्हणाला, 'असं नाही लिहिलं, आबा.' म्हातारा कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिला. आम्ही प्रोफेसर, तेव्हां त्या कागदांत कोठें तरी तें नांव असलेंच पाहिजे व आम्हांस तें दिसलेंच पाहिजे अशी त्याची समजूत. आम्हीं चष्मा पुसून तो कागद पुन्हां वाचला.

मग तिघांनीं बसून दुसरा अर्ज केला. पाहणी कोणीं केली, कोणत्या तारखेस केली, पाळ किती खचली असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे, आणि तुडुम कोण बसविणार, एवढे चार प्रश्न. प्रत्येकांत कर्ता प्रथमेंत किंवा तृतीयेंत मागितलेला. नातवानें खालीं लिहिलें होतें, 'गांवकऱ्यांकडून विनंती करण्यांत येते.' तें आम्हीं तांबड्या शाईनें खोडलें आणि 'आम्ही विनंती करितों' असें लिहून त्याखालीं सत्तेचाळीस जणांच्या सह्या व अंगठे घेण्यास त्यास सांगितलें. त्यानें ते आणले.

मृग लागून आठ दिवस झाले. गांवांत पऱ्हे टाकून झाले आहेत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.